रोजचे दोनशे

मागच्या वर्षी नोव्हेंबरात मी ३० दिवसांत ५०,००० शब्दांच्या कादंबरीचा घाट घातला होता. म्हणजे रोज १,६६७ शब्द. पाचव्या दिवशी वही मिटली, ती मार्चपर्यंत उघडलीच नाही. फार जिव्हारी लागलं होतं ते.

आता आम्ही चौघी मैत्रिणी रोज फक्त २०० शब्द लिहितो. रात्री ओटा पुसून झाला की मी वही घेऊन स्वयंपाकघरातच बसते. माझ्या अक्षरात २०० शब्द म्हणजे सव्वा पान. तेवढं झालं की ग्रुपवर नुसतं ‘झालं’ टाकायचं, मजकूर दाखवायची सक्ती नाही. हा नियम आमच्यातल्या थोरल्या ताईंचा. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण कच्च्या लिखाणावर कुणी बोट ठेवलं की माझा हात आखडतो.

परवा सासूबाईंना ताप होता. ‘आज नाही जमायचं,’ असं मी कळवलं. ताईंचा लगेच फोन आला, “अगं, एकच ओळ लिही. तापाचीच लिही.”

मग लिहिलं. मिठाच्या पाण्याची पट्टी कशी क्षणात कोमट होत होती, कपाळावरचं गोंदण किती पुसट झालंय. बारा ओळी झाल्या. काल ते गोंदण मी कथेतल्या आजीला देऊन टाकलं.