तीन डबे आणि शिळा पेपर

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवीतली पोरंही इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसत. इंग्रजीच्या नव्या सरांनी आल्या आल्या डिक्शनरी पाठ करणं बंद केलं. "एकटा शब्द नको आनू बाप्पा, त्याचे सोयरेही संग घेऊन ये," म्हणायचे.

मग फळ्यावर 'पोर्ट'. लॅटिनमध्ये वाहून नेणं. त्यातून एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टर. पुढे 'स्पेक्ट', म्हणजे पाहणं. इन्स्पेक्टर ओळखीचाच होता. 'रिट्रो' म्हणजे मागे, एवढं कळल्यावर रिट्रोस्पेक्टचा अर्थ शेवटच्या बाकावरून आला.

काही सोयरे नुसते शेजारी बसतात. पाऊस हेवी, पण वारा स्ट्राँग, चहाही स्ट्राँगच. याला नियम नाही, वाचूनच कानात बसतं. त्यासाठी नागपूरचा इंग्रजी पेपर 'हितवाद' होता, १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेला. तो एसटीनं यायचा आणि गावात सगळ्यांचा वाचून झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात. अग्रलेख झेपत नसत (खरं सांगायचं तर काही अजूनही झेपत नाहीत). पण एकाधिकार खरेदीचे, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचे दिवस होते; कापसाची बातमी अर्धी घरीच कळलेली असायची, त्यामुळे अनोळखी शब्दाचा अंदाज लागायचा. 'प्रोक्युअरमेंट', म्हणजे खरेदी, मी तिथेच शिकलो.

शब्द पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर जायचा. मागे पेपरातलं वाक्य. बिस्किटांचे तीन डबे होते: रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या डब्यात, विसरला की परत रोजच्यात. बी.एड.ला एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा विस्मरणावरचा १८८५ सालचा अभ्यास आला (थांबून थांबून उजळणी केली की कमी विसरतं), तेव्हा मला तो नवा वाटलाच नाही. स्पर्धा परीक्षेसाठी शब्दांच्या याद्या घोकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनाही मी डबेच करायला लावतो. ते कुरकुरतात, पण करतात.

चिठ्ठीवर मराठी अर्थ लिहायचा नाही, हा सरांचा हट्ट मात्र मला कधी पटला नाही. अंदाजानं चुकीचा अर्थ डोक्यात बसला की तो काढायला दुप्पट मेहनत पडते. मी पोरांना कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहू देतो. सर भेटले की यावरून आमची अजून जुंपते.