परतीच्या वाटेपासून आखलेला दिवस

ऑगस्ट जवळ आला की पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईक आणि इथल्या मराठी मंडळातले स्नेही मला हमखास विचारतात, "तो जांभळा माळ घरातल्या सगळ्यांना घेऊन एका दिवसात कसा पाहायचा?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या ज्या फेरीवर मी दरवर्षी जातो, तिच्याच आधारे सांगतो.

ही फेरी नॉर्थ यॉर्क मूर्स या १९५२ पासूनच्या राष्ट्रीय उद्यानातली आहे. पिकरिंगहून व्हिटबीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सॉल्टरगेटपाशी गाडी लावायची, 'होल ऑफ हॉर्कम' या प्रचंड खोलगट दरीच्या पश्चिम काठाने लेव्हिशम मूर (मूर म्हणजे उघडा माळ) ओलांडून डंडेल तळ्यापर्यंत जायचे, तिथून लेव्हिशम गावात उतरायचे आणि ओढ्याच्या काठाने दरीच्या तळातून पुन्हा सॉल्टरगेटला चढून यायचे. अंतर सुमारे ११ किलोमीटर भरते. गाव वगळले तर ८. गाडी नसेल तर लीड्स आणि यॉर्कहून व्हिटबीला जाणारी बस याच रस्त्याने जाते. मात्र परतीची शेवटची बस कितीची आहे, हे घर सोडण्यापूर्वी पाहून ठेवावे.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला या माळाची एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. गडावर जाताना गड डोळ्यांसमोर असतो. वाट चुकली तरी चढ आणि उतार आपल्याला सावरून घेतात. मूरवर शिखरच नसते. सगळीकडे गुडघाभर उंचीची तीच हेदरची, म्हणजे माळ जांभळा करणाऱ्या फुलांची झुडपे, तेच आकाश, आणि मधूनच फुटणाऱ्या एकसारख्या पायवाटा. म्हणून इथे 'कुठपर्यंत जायचे' यापेक्षा 'धुके उतरेल किंवा पाय थकतील तेव्हा आपण कुठे असू' या प्रश्नापासून दिवसाची आखणी करावी लागते.

हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. त्या वेळी आम्ही उलट दिशेने निघालो होतो. सकाळी दरी, दुपारी माळ. तीनच्या सुमारास समुद्रावरून इथे 'सी फ्रेट' म्हणतात ते दाट धुके आत सरकले आणि डंडेल तळ्यापाशी, जिथे बऱ्याच वाटा फुटतात, तिथे मी सॉल्टरगेटऐवजी स्केल्टन टॉवरची वाट धरली. त्या पडक्या वास्तूच्या भिंती समोर येईपर्यंत चूक कळली नाही, आणि सोबत आई आणि सात वर्षांची मुलगी असताना तो पाऊण तास मला फार मोठा वाटला. तेव्हापासून उघडा माळ सकाळी आणि आडोशाची दरी दुपारी, हा क्रम मी बदललेला नाही. यात शेवटी दमलेल्या पायांनी चढ चढावा लागतो हे खरे. पण ओढ्याच्या काठाची वाट चुकणे अवघड आहे, आणि चढ संपतो तिथे रस्ता आहे.

वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला हिशोब मी आजही वापरतो : पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे ही फेरी तीन तासांच्या आत व्हायला हवी, परंतु घरची मंडळी बरोबर असतील तर मी पाच तास धरतो आणि दहाच्या आत चालायला लागतो. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल २७ हा नकाशा कागदाचाच घ्यावा, कारण दरीत फोनला रेंज मिळेलच असे नाही.

फुलांचे म्हणाल, तर बेल हेदर जुलैमध्येच फुलू लागते, पण सगळा माळ जांभळा करते ती लिंग नावाची जात, आणि तिचा बहर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. कासच्या पठारावर जाणाऱ्यांना हे गणित नवे नाही. हा माळ मात्र केवळ निसर्गाने राखलेला नाही. माणसाने हजारो वर्षांपूर्वी इथली झाडी तोडली, आणि मेंढ्यांची चराई व हिवाळ्यात आलटून पालटून जाळलेले पट्टे यांमुळे तो आजही उघडा राहिला आहे. त्याच झुडपांत ग्राउस पक्षी राहतात आणि १२ ऑगस्टपासून त्यांची शिकार सुरू होते, त्यामुळे वाटेवर तशी सूचना दिसली तर ती मनापासून पाळावी. वाट सोडून हेदरमध्ये शिरू नये, असे मी मुलांना दोनदा बजावतो : तिथे गोचीड असतात, क्वचित अ‍ॅडर हा विषारी सापही असतो.

दरीबद्दल इथे वेड नावाच्या राक्षसाची गोष्ट सांगतात. बायकोवर रागावून त्याने ओंजळभर माती उपसून फेकली आणि हा खड्डा पडला म्हणे. प्रत्यक्षात डोंगराच्या पोटातून पाझरणाऱ्या झऱ्यांनी उतार खालून पोखरत नेले आणि सुमारे १२० मीटर खोलीची ही दरी तयार झाली. ते झरे आजही वाहत असल्यामुळे तळातली वाट ऑगस्टमध्येही चिखलाची असू शकते. कापडी बूट घालून येऊ नका.

वडीलधाऱ्यांसाठी निर्णयाची जागा डंडेल तळे. तिथे डबा उघडावा, घड्याळ आणि आभाळ पाहावे, आणि कुणाचे गुडघे बोलू लागले असतील तर आल्या वाटेने परतावे. मागच्या वर्षी आई आणि मी तिथूनच मागे फिरलो, बाकीचे पुढे गेले. संध्याकाळी मुलीने दरीतले फोटो दाखवले तेव्हा त्यांत गवत होते, नेचे होते, ओढा होता. जांभळा रंग जवळजवळ सगळा आमच्याच वाटेवर होता.