शेणकाल्याच्या टाकीपाशी सुचलेले

११ जानेवारी, रात्री साडेदहा

गेले चार दिवस तापीकाठी कडाक्याची थंडी आहे आणि आमच्या गोबरगॅसचा लोखंडी ड्रम वर यायचे नाव घेत नाही. सकाळी शेणकाल्यात कोमट पाणी मिसळत असताना पुतण्याने विचारले, "काका, दुसऱ्या ग्रहांवर झाडं, प्राणी असतील का हो?" मी "असतील" एवढेच म्हणालो. केळीच्या बागेत दिवसभर काम करताना ते उत्तर घाईचे वाटत राहिले, म्हणून इथे नीट लिहून पाहतो.

त्या टाकीत मिथेन, म्हणजे आमचा जळणाचा वायू, तयार करणारे जीव जिवाणू नव्हेत. १९७७ साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या रायबोसोममधील (पेशीत प्रथिने घडवणाऱ्या भागातील) आरएनए हा आनुवंशिक रेणू तपासला, तेव्हा ते जिवाणूंपासून इतके वेगळे निघाले की त्यांच्यासाठी सजीवसृष्टीची स्वतंत्र शाखा मानावी लागली; तिलाच आज आर्किया म्हणतात. ऑक्सिजन त्यांना विषासमान आहे. चिखलात, दलदलीत, गुरांच्या पोटात ते कोट्यवधी वर्षे सुखाने जगत आले आणि एकपेशीयच राहिले. त्यांना मागासलेले म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्याचे उत्तम चालले आहे त्याने बदलावे तरी कशासाठी?

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सूक्ष्मजीवांनी घडवलेले सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे थर सापडले आहेत, म्हणजे जीव इथे बराच लवकर रुजला. प्राण्यांची रेलचेल मात्र सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन काळात दिसू लागते. आमच्या सातपुड्याचा काळा दगड आम्ही अनादी समजतो, पण तो ज्या लाव्ह्यातून झाला तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, या हिशेबात अगदी कालचा. जीव रुजल्यापासून प्राणी येईपर्यंतची ती तीनशे कोटी वर्षे मला सर्वांत बोलकी वाटतात.

त्या काळात एक विलक्षण घटना घडली. आर्कियांच्या कुळातील एका पेशीत एक जिवाणू शिरला, पचला नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या आतच नांदत त्याचे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, झाले. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हा विचार मांडला, तेव्हा तो अनेकांना पटला नव्हता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. केळीचे पान, बैल, अळंबी, मी स्वतः, आम्ही सारे त्या एकाच संयोगाचे वंशज आहोत. अनेक पेशींनी एकत्र राहण्याची युक्ती वनस्पती, प्राणी, बुरशी, तपकिरी शैवाल यांनी आपापली वेगवेगळी शोधली, त्यामुळे ती फार अवघड नसावी. खरी अडचण त्याआधीच्या मीलनात आहे, कारण ते एकदाच यशस्वी झालेले दिसते.

अर्थात, एकाच उदाहरणावरून नियम काढणे धोक्याचे असते. असे मीलन इतरदाही झाले असेल आणि पहिल्या यशस्वी वंशाने बाकीच्यांना जागाच उरू दिली नसेल. शिवाय हा प्रश्न विचारणारा ज्या ग्रहावर जन्मतो, तिथे ते घडलेलेच असणार. या दोन्ही शंका मला मान्य आहेत, तरीही माझा कौल असा आहे की सजीव असलेले बहुतेक ग्रह आमच्या टाकीसारखे असतील: आत अखंड खळबळ, पण पान नाही, डोळा नाही.

आपल्या आकाशगंगेत किमान १०,००० कोटी तारे आहेत आणि १९९५ साली मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडल्यापासून सूर्यमालेबाहेरच्या ज्ञात ग्रहांची संख्या पाच हजारांवर गेली आहे. त्यामुळे "कुठेच नाही" असे म्हणण्याची माझी तयारी नाही. मिथेन आणि ऑक्सिजन हवेत फार काळ एकत्र टिकत नाहीत. दूरच्या एखाद्या ग्रहावर दोन्ही भरपूर आढळले, तर तिथे कोणीतरी ते सतत बनवत असण्याची शक्यता मोठी. त्यातूनही झाड असल्याचे सिद्ध होणार नाही, कारण पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला तो सूक्ष्म जिवाणूंमुळेच. हे सगळे उद्या पुतण्याला सांगेन. तरी त्या दोन वायूंची नावे एका परक्या ग्रहाच्या बातमीत शेजारी शेजारी वाचण्याइतके आयुष्य मला लाभावे, असे आज फार वाटते आहे.