ताप शंभर, उकाडा चौतीस

मुंबईच्या घरांत तापाला फॅरनहाइट आणि उकाड्याला सेल्सिअस, अशी वाटणी केव्हाच होऊन गेली आहे. पोराला १०१ म्हटलं की शाळेला दांडी, सांताक्रूझला ३५ म्हटलं की पंखा पाचावर. एसीवरचे २४ म्हणजे तापाच्या हिशेबात किती, हे कोणी विचारत नाही. (७५, विचारलंच तर.)

दोघांत मला फॅरनहाइट जवळचा वाटतो. १६८६ साली डान्झिगला जन्मलेला हा गृहस्थ हॉलंडमध्ये थर्मामीटर बनवून विकायचा. विकायचे म्हणजे दोन नळ्यांचा आकडा एक यायला हवा. एकीत वीस आणि दुसरीत पंचवीस, तर गिऱ्हाईक नळ्या तोंडावर फेकणार. म्हणून त्याला कुणालाही पुन्हा जुळवून आणता येतील अशा खुणा हव्या होत्या. १७२४ च्या लेखात त्याने त्या सांगितल्या. शून्य कुठे? बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणात.

नवसागर म्हटला की मला कल्हईवालाच दिसतो. इमारतीच्या आवारात खड्डा करून तो भात्याने निखारे फुलवायचा. पातेलं तापलं की कथील लावायचा, नवसागराची चिमूट टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने गरकन पुसायचा. पांढरा धूर उठून नाकात झिणझिण्या यायच्या आणि आतून पातेलं चांदीसारखं लखलखायचं. तोच नवसागर बर्फात घातला की मिश्रण नुसत्या बर्फापेक्षा पुष्कळ गार पडतं. तिथे फॅरनहाइटचा शून्य. नुसतं बर्फ-पाणी ते ३२, आणि धडधाकट माणसाच्या तोंडातली किंवा काखेतली ऊब ती ९६. मधले अंश ६४, म्हणजे अर्ध्याचं अर्धं करत सहा वेळा गेलं तरी अपूर्णांक येत नाही. नळीवर रेघा मारणाऱ्याची ही सोय.

पुढे पाण्याच्या उकळीला २१२ पक्के झाले आणि आपली ऊब ९६ वरून थोडी सरकली. तरी ९८.६ हा आकडा फॅरनहाइटचा नव्हेच. लाइपझिगच्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून ३७ सेल्सिअस सांगितले. ते फॅरनहाइटमध्ये करताना तो दशांश चिकटला. आपण मात्र तो देवाने दिल्यासारखा जपतो.

स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये मोजपट्टी मांडली ती उलटी: उकळत्या पाण्याला ० आणि गोठत्या पाण्याला १००. १७४४ मध्ये तो गेला आणि नंतर ती सुलटी झाली, हे बरंच झालं. नाहीतर मे महिन्यात मुंबई ६६ वर घामाघूम झाली असती आणि जानेवारीत आकडा ८० च्या पुढे गेला की लोकांनी माकडटोप्या काढल्या असत्या. सेल्सिअसने आणखी एक गोष्ट नीट तपासली होती. हवेचा दाब कमी झाला की उकळीचा अंशही खाली येतो. त्यामुळे समुद्राकाठच्या आपल्या स्वयंपाकघरात चहाचं आधण शंभराला उकळतं, आणि महाबळेश्वरला पंचाण्णव-शहाण्णवलाच. शून्याची गाठ मात्र मुंबईत चौपाटीवरच्या गोळेवाल्याकडेच, तीही गोळा वितळायला लागला की.

तिसरी पट्टी केल्विनची, ती शास्त्रज्ञांची; कोणाच्या घरात नाही. तिचा शून्य उणे २७३.१५ सेल्सिअसला, त्याखाली काही नाही. २०१९ पासून तर तिच्या व्याख्येतून पाणीही गेलं. आता ती बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांचं नातं सांगणाऱ्या एका ठरलेल्या आकड्यावर उभी आहे. हिशेब चोख, पण ३११ केल्विन ताप आला म्हणून कोणी रजा देणार नाही.

तापासाठी फॅरनहाइटच बरा, असं माझं मत आहे. शंभर ओलांडले की घर जागं होतं. अडतीसात तो दरारा नाही. परवा नव्या डिजिटल थर्मामीटरने ३८.२ दाखवले, तर आई म्हणाली, "अडतीस? मग अंग गारच आहे की!" मी बटण दाबून धरलं, पडद्यावर १००.८ उमटले, आणि आई पदर खोचून उठली. "भाताचा कुकर राहू दे. पेज टाकते."