अंधाराचा फायदा घेऊन

तालुक्याच्या गावात फौजदारी वकिली करणाऱ्याला दरोड्याच्या तयारीची एफआयआर न वाचताही सांगता येते. गुप्त बातमीदार, हायवेलगतची बाभळीची झाडी, कत्ती, कटावणी, नायलॉनची दोरी आणि कागदाच्या पुडीत मिरची पूड. तिघे सापडतात, दोघे ‘अंधाराचा फायदा घेऊन’ पसार होतात. ते दोघे लागतातच, कारण कायद्याने दरोड्याला किमान पाच माणसं हवीत. तेवीस वर्षांत त्या पळालेल्यांपैकी एकही मला कोर्टात भेटलेला नाही.

परवाच्या केसमध्ये तिघेही फासेपारधी. त्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा आयटीआयला फिटर ट्रेड करतो. आजी म्हणते, दिवेलागणीला पालावरून उचलला. कागदावर मात्र अटक हायवेवर, रात्री पावणेदोनला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. ते कुठंय? तर अंधारामुळे झालं नाही. त्याच अंधारात पंचांना कत्तीच्या मुठीला गुंडाळलेली लाल चिंधी बरी दिसली! यावर मी पंधरा मिनिटं बोललो. चांगला बोललो.

रिमांड रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘आरोपी हे पारधी समाजाचे असून सराईत आहेत.’ पोराच्या नावावर याआधी साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंदसुद्धा नाही. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण ठाण्यातला मसुदा तेवढा कुणी बदलला नाही. तुरुंगातल्या जातिभेदावरचा सुप्रीम कोर्टाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल मी पुढे ठेवला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं त्यात पोलिसांना बजावलंय. जजसाहेबांनी वरचं पान पाहिलं आणि बाजूला सारलं. सरकारी वकिलांनी ‘तीव्र विरोध’ नोंदवला, तोही मोबाइलवरून नजर न काढता.

मग मी आयटीआयचा हजेरीपट काढला. आणि बोलून गेलो, “साहेब, हा मुलगा त्यांच्यातला नाही.”

साहेबांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

पोराला जामीन मिळाला. बाकी दोघांचे अर्ज नामंजूर, का तर जुने गुन्हे दाखल. त्यातल्या एकाची निर्दोष सुटल्याची प्रत मीच अर्जाला जोडली होती. हो, त्या दोघांचं वकीलपत्रही माझंच.

बाहेर लिंबाखाली तिन्ही घरच्या बाया बसल्या होत्या. जामीन झाल्याचं सांगितलं तरी आजी उठली नाही.

“वकीलसाहेब, तुमी आत म्हनला ना, त्यांच्यातला न्हाई म्हून. त्यांच्यातला म्हंजी कुनातला?”

बाकी दोघांच्या आया तिच्या शेजारीच होत्या. मी जामीनदाराचं बोलायला लागलो. सातबारा असलेला माणूस हवा, पंचवीस हजारांचा, उद्या अकराच्या आत.