आमची वाटचाल: आधी पैसे, मग पायताण

कोल्हापुरी पायताण करणारा माणूस विक्रीच्या वेळी नाही, कातडं घ्यायच्या वेळी नागवला जातो. रोकड नसते, म्हणून तो व्यापाऱ्याची उचल घेतो. मग कातडं त्याच्याकडूनच, त्याच्या भावानं, आणि तयार जोडही त्यालाच, तो म्हणेल त्या दरानं. माझ्या वडिलांचा हात रापीवर, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारावर, असा होता की कोल्हापूरच्या सुभाषनगरातले जुने कारागीर आजही नाव काढतात. पण त्यांची उचल शेवटपर्यंत फिटली नाही.

म्हणून 2009 साली दोन खोल्यांत धंदा मांडला तेव्हा एकच नियम केला. ऑर्डर पक्की झाली की निम्मी रक्कम कारागिराच्या हातात, बिनव्याजी, कातड्याला रापी लागायच्या आधी. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या, जागतिक संघटनेच्या दहा तत्त्वांतही हस्तकलेच्या मालाला, कारागिरानं मागितल्यास, किमान 50 टक्के बिनव्याजी आगाऊ द्यावी असं आहे. ते मला फार पुढं कळलं. आमचा नियम वडिलांच्या वहीतून आला होता.

पहिला माल दिला तो कापशीच्या मामांनी. त्यांची रापी घासून घासून बोटभर उरली होती, पण नवी घेतली नाही. म्हशीच्या कातड्याचा तळ ते एका ओढीत कापायचे. कड पुन्हा तासावी लागायची नाही. खिळा नाही, शिवण सगळी चामड्याच्या वादीची. आरीनं भोक पाडून वादी ओढताना किती जोर लावायचा हे शिकवून येत नाही, शेजारी बसून येतं. पट्ट्यावरची वेणी मामी घालायच्या. व्यापारी जोडाचा दर धरायचा आणि पैसे मामांच्या हातात द्यायचा, मामींची मजुरी कुणी मोजतच नव्हतं. आम्ही वेणीचा दर वेगळा लावला आणि तो मामींच्या खात्यात भरायला लागलो. मामा आधी रागावले, मग गप्प झाले. त्याच पैशांवर थोरल्या मुलीची नर्सिंगची फी भरली गेली.

पुढची काही वर्षं धंदा बरा चालला. पुणे, मुंबई, बंगळूर आणि थोडा माल परदेशी. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळेना, म्हणून चेन्नईकडचा माल जास्त आणायला लागलो.

मग 2019 चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलं. शाहूपुरीतलं आमचं गोदाम छपरापर्यंत बुडालं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेलं कातडं असं भिजलं की आधी डाग पडतात, मग बुरशी धरते, आणि वाळवलं तर रापीखाली तडकतं. दिवाळीचा सगळा माल गेला. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं तेही याच वर्षी, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. आमच्याकडं तेव्हा मानांकनाचा शिक्का मारायला एक जोड नव्हता.

पाणी ओसरायच्या आधीच एक व्यापारी आमच्या कारागिरांच्या दारात उभा राहिला. नाव लिहीत नाही. चिखलानं भरलेल्या घरात रोख उचल ठेवली की कोण नाही म्हणेल? कारागिरांना मी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण हा माणूस रेक्झिनचे मशीनवरचे जोड ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकायचा आणि त्या ढिगावर दाखवायला हाताचे चार जोड आमच्या माणसांकडून करून घ्यायचा. त्यांनी वर्षानुवर्षं मिळवलेलं कसब त्यानं दुकानाची शोभा करून टाकलं. ती चीड अजून गेलेली नाही.

आम्ही कसेबसे उभे राहत होतो, तोच मार्च 2020 मध्ये परदेशातल्या आयातदारानं तयार ऑर्डर रद्द केली. लेबलावर ‘न्याय्य व्यापार’ छापणारा हा माणूस. माल बांधून तयार, उरलेली निम्मी रक्कम मात्र त्यानं दिली नाही. आम्ही कारागिरांची पूर्ण मजुरी चुकती केली आणि त्यासाठी घराचे कागद पतसंस्थेत ठेवले.

तेव्हा नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, पहिल्या वर्षापासून दर पावसाळ्यानंतर एक जोड घेणाऱ्या. म्हणाल्या, “पैसे आत्ता पाठवते, पायताण पुढच्या वर्षी द्या.” मग त्यांनी आपल्या भिशीतल्या, योगवर्गातल्या बायकांकडूनही तसेच पैसे पाठवले. त्या रकमेतून कातडं आलं. उचलीत अडकलेल्या चौघांची उचल आम्ही फेडली आणि ते परत आले. मामा सगळ्यात आधी.

या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांना सांगतो. टॅगवर कारागिराची गरिबी छापू नका, त्याचं गाव आणि काम छापा. कातड्याची वही वेगळी ठेवा, तोटा तिथंच दिसतो. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आगाऊ रकमेचं कलम लेखी घ्या आणि रद्द झालेल्या ऑर्डरची भरपाईही त्याच कागदावर येऊ द्या. कराकडंही लक्ष असू द्या. 2022 च्या जानेवारीत हजाराच्या आतल्या पायताणांवरचा जीएसटी 5 वरून 12 टक्के झाला, तेव्हा दर ठरवून बसलेल्यांचे हाल झाले.

जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारखे सँडल दिसले आणि पुढं कंपनीनं त्यांचं मूळ मान्य केलं. तेव्हापासून आमचा फोन थांबत नाही. पाचशे जोड हवेत, कधी देता, शेवटचा दर काय? आम्ही निम्मी आगाऊ म्हटलं की बहुतेकांचं बोलणं तिथंच संपतं. बंगळूरच्या एका दुकानदारानं मात्र संध्याकाळच्या आत पैसे पाठवले. त्याचं कातडं चेन्नईहून निघालंय, मामांच्या धाकट्याकडं या आठवड्यात कटाई लागेल.