थांबली की जाग

धावत्या गाडीत मला गाढ झोप लागते, पण गाडी थांबली की टक्क जाग येते. परवा मनमाडहून जळगावला येताना तेच झालं. रात्रीचे पावणेदोन, पाचोरा मागे पडलेलं आणि गाडी म्हसावदला उभी. वरच्या बर्थवरून एक डोकं लोंबकळलं.

"काय भो, जळगाव आलं का?"

"म्हसावद."

"अजून म्हसावदच?" जणू मीच साखळी ओढली होती.

खाली उतरलेला कुणीतरी बातमी घेऊन आला. पुढे रूळ बदलताहेत, ब्लॉक आहे. एक लाईन बंद, उरलेल्या एकीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या साऱ्या गाड्या आळीपाळीनं सोडायच्या. पंगत मोठी आणि वाढपी एकच. समोरच्या आजी म्हणाल्या, "मंग आते काय, जेवी ल्या," आणि फडकं सोडलं. कळण्याची भाकरी, ठेचा. रात्री दोन वाजता! मला नाही म्हणवलं नाही.

पाऊण तासानं गाडी हलली, तीही बैलगाडीच्या चालीनं. मी खिडकीची काच वर केली. झगझगीत दिवे, जनरेटरची धडधड, पहारी लावून एका दमात रूळ सरकवणारी माणसं. मीटरला 60 किलो वजनाचा रूळ तो. चार पावलं पुढे जोडकाम चाललं होतं. फटीभोवती साचा, वर मडक्याएवढं भांडं, त्यात अॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड. भांड्यातून दिवाळीतला भुईनळा उसळावा तसा उजेड उसळला, आणि डब्यातली झोपाळू तोंडंही क्षणभर पांढरी झाली. शेजारी उकिडवा बसलेला एकजण मनगटातलं घड्याळ बघत होता. साचा कधी काढायचा याचा हिशोब मिनिटांचा. आमच्या अख्ख्या गाडीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

लहानपणीची ती खटक-खटक याच जोडांनी नेली. तेव्हा 13 मीटरच्या दोन रुळांमध्ये फट ठेवत, उन्हात लोखंड वाढतं म्हणून. आमच्याकडच्या मे महिन्यात तर ते वाढणारच. तापमानात 30 अंशांचा फरक पडला, तर किलोमीटरभर मोकळा रूळ पस्तीसेक सेंटीमीटर लांबेल. आता पावणेतीनशे किलोच्या घरातले रुळांखालचे काँक्रीटचे आडवे स्लीपर आणि खडी मिळून त्याला जागच्या जागी दाबून धरतात. प्रवास गुळगुळीत झाला हे खरं, पण ती अंगाई गेली ती गेलीच.

शिरसोलीच्या पुढे गाडीनं वेग घेतला. वरच्या बर्थवाल्यानं तोवर पाच वेळा वेळ विचारली होती, रेल्वेच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. मग तो गप्प झाला. जळगाव आलं तेव्हा आजी बोचकं सावरत दाराशी पोचल्या, मी बॅग उचलली, आणि वर पाहिलं तर गडी घोरतोय. खांदा धरून हलवला.

डोळेही न उघडता तो करवादला, "आता काय? थांबली का परत?"